मौनवारची घंटा

३ मार्च, मौनवार

या शहरातली माणसं आठवड्याचे सहा दिवस एकमेकांवर ओरडतात आणि सातव्या दिवशी देवाला काही सुचावं म्हणून गप्प बसतात. या वाराला त्याचं स्वतःचं नाव आहे, पण मी त्याला मौनवार म्हणतो. सूर्य मावळेपर्यंत बस नाही, दुकान नाही, भोंगा नाही. सकाळी लोक प्रार्थनेला चालत जातात आणि चालतच परत येतात. मी प्रार्थनेला जात नाही, पण तिचा फायदा मात्र पुरेपूर घेतो. फुकट मिळणाऱ्या पुण्याला आमच्या पाठशाळेत काय म्हणत ते आता आठवत नाही. बहुधा म्हणतच नसावेत.

आईला इथे आणून आज सहा आठवडे झाले. खुब्याचं हाड सांधलंय. धरून धरून चार पावलं टाकते, पण एकटीने उठायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. तिला सांभाळणाऱ्या मावशी सहा दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सात असतात. मौनवारी त्यांना सुट्टी, तेव्हा तो दिवस माझा.

ताईचा फोन आला. तिला आईला तिच्या गावी नेऊन तिथल्या शुश्रूषागृहात ठेवायचंय. आईला जायचं नाही. "माझ्या वयाच्या बायकांत मला ठेवू नका, त्या सगळ्या म्हाताऱ्या असतात," म्हणते. तीन महिने माझ्याकडे ठेवून बघायचं, असं ठरलंय.

"मावशी नसतात त्या दिवशी तिने हाक मारली तर तुला ऐकू जाईल ना?" ताई म्हणाली. "तू एकदा लिहायला बसलास की घर पेटलं तरी आधी वाक्य पुरं करशील."

मी म्हटलं, घंटा दिलीय. आई मुख्याध्यापिका होती तेव्हा तिच्या टेबलावर असायची ती पितळी घंटा, मुठीएवढी. सातशे पोरं त्या घंटेला वचकून होती. मी एकटा आहे, आणि मीही तिच्याच शाळेत होतो.

१० मार्च, मौनवार

दर आठवड्याला शहरावर एक पत्र लिहायचं, असं संपादकसाहेबांनी सांगितलंय. एरवी मी पालिका, पूल आणि पाणीपुरवठा बघतो. हे पत्र म्हणजे माझ्या वयाला दिलेली खुर्ची. पहिलंच पत्र मौनवारावर लिहिलं. लोकांना आवडलं म्हणे.

आज आणखी बारकाईने ऐकलं. सकाळी दहानंतर शांतता इतकी दाट होते की चिमण्याही गप्प होतात. समोरच्या कठड्यावर आठ-दहा बसलेल्या होत्या, चोची हलत होत्या, पण आवाज नाही. प्राण्यांनाही वार कळतो की काय! हे पत्रात घालणार.

आईने दिवसभरात घंटा वाजवलीच नाही. मी आपला तासातासाने डोकावून येत होतो. एकदा पाहिलं तर पाण्याचा तांब्या टेबलावरून तिच्या उशाशी आलेला.

"हा इथे कसा आला?"

"चालत," आई म्हणाली.

स्वावलंबी होतेय. ताईला कळवलं पाहिजे.

१४ मार्च

कचेरीत साहेब जरा चढ्या आवाजात बोलायला लागलेत. पद वाढलं की आवाज वाढतो. आज माझ्या पाठीमागे उभे राहून काही तरी म्हणत होते, शेवटी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी दचकलो. "शास्त्रीबुवा, समाधी लागली होती का?" म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. शास्त्री म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही, बुवा म्हणतात ते टोचतं.

ताईचा आवाज हल्ली फार लांबून येतो. फोन कंपनीला पत्र लिहायला हवं.

१७ मार्च, मौनवार

आज एक विलक्षण गोष्ट. अकराच्या सुमाराला टेबलाशी बसलो होतो. शहर असं निपचित पडलेलं की आपण आपल्याच विचाराला 'हळू बोल' म्हणावं. आणि वरच्या मजल्यावरून एक स्वर ऐकू आला. बारीक, उंच, न तुटणारा. कुणी तरी एकच स्वर लावून बसलंय आणि श्वास घेत नाही, असा.

आधी मजा वाटली. योगी लोक अनाहत नाद ऐकू यावा म्हणून बारा बारा वर्षं नाक धरून बसतात, इथे तो भाड्यात मिळतो! पण तासाभराने तो स्वर खुपायला लागला. खिडकी लावली, तरी तेवढाच. आईला जाऊन विचारलं.

"वरून काही ऐकू येतंय?"

"नाही."

"नीट ऐक."

ती कान देऊन बसली. वर्गात मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते ओळखायला बसायची, अगदी तशी. मग म्हणाली, "चिमण्या. आणि खालच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडतंय. वरून काही नाही."

बिचारीचे कान गेलेले दिसतात. ऐंशीला टेकली, चालायचंच.  ती मात्र माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

१८ मार्च

संध्याकाळी उतरताना पहारेकऱ्याला विचारलं, वर कोण राहतं. तो म्हणाला, दोन वर्षं कुलूप आहे. आधी एक बाई राहायच्या, गाणं शिकवायच्या. एकट्याच. मौनवारीच गेल्या. दुसऱ्या दिवशी शिकवणीची मुलं आली तेव्हा कळलं.

"कुणाला आवाज नाही आला?" मी विचारलं.

"हाक मारली असणार हो," तो म्हणाला. "पण सुट्टीच्या दिवशी कोण कुणाकडे लक्ष देतं?"

जिना चढून वर येताना मी कठडा धरला होता, हे घरात आल्यावर माझ्या लक्षात आलं.

१९ मार्च

मावशींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज दबका, पण चेहरा असा की कानांची गरजच नव्हती.

"साहेब, राग मानू नका. काल सकाळी आले तर आईंची चादर ओली होती. गुडघ्यावर काळंनिळं झालंय. सुट्टीच्या दिवशी जरा लक्ष द्या."

मी म्हटलं, मी शेजारच्याच खोलीत असतो, दार उघडं असतं, घंटा हाताशी असते. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "त्याला कशाला बोलतेस? मी हाकच मारली नाही. माझीच चूक. गुडघा पलंगाला लागला."

आईची बाजू घेणाऱ्या मावशी आणि माझी बाजू घेणारी आई. या घरात माझ्याच बाजूला मी कमी पडतो.

तरी वाईट वाटलं. आईला बजावलं, अशी भीड धरू नकोस, घंटा वाजव. "वाजवीन," म्हणाली.

२४ मार्च, मौनवार

स्वर आहे. सकाळपासून आहे. आज टेबल सोडून आईच्या खोलीत लिहायला बसलो, तर तिथेही. वरच्या बाईंचं घर आमच्या सगळ्या घरावर पसरलेलं आहे, तेव्हा त्यात नवल नाही, असं स्वतःला समजावलं.

आई म्हणाली, "कान तपासून घे एकदा."

"तुझे की माझे?"

"दोघांचे घेऊ. जोडीने स्वस्त पडेल."

हसलो. दुपारी ती झोपल्यावर पुन्हा माझ्या टेबलाशी आलो आणि पत्र पुरं केलं. एक वाचक कळवतात की माझ्या पत्रातली चिमण्यांची गोष्ट साफ खोटी आहे, त्यांच्या खिडकीत मौनवारी चिमण्या एरवीपेक्षा जास्त ओरडतात. यावर मी लिहिलं की ज्याच्या मनात गलबला असतो त्याला चिमण्याही ओरडताना दिसतात. साहेबांना हे वाक्य फार आवडेल. मलाही दुपारी आवडलं होतं. आता लिहिताना का कोण जाणे, बरं वाटत नाही.

३१ मार्च, मौनवार

ताईचा फोन. आई तिच्याशी बोलत होती, मी समोर बसलो होतो, म्हणून सगळं समजलं. "अगं, हाक मारायचा अवकाश, धावत येतो. लिहिणं टाकून येतो." मला भरून आलं. एवढं कौतुक तिने माझा संस्कृतमध्ये पहिला नंबर आला तेव्हाही केलं नव्हतं. तेव्हा म्हणाली होती, वर्गात होते किती?

पण नंतर विचार करत बसलो. ती असं का म्हणाली? हाक मारली आणि मी लिहिणं टाकून धावत गेलो, असं गेल्या महिन्यात एकदाही झालेलं नाही. तिने हाक मारलीच नाही. मग ताईला सांगितलं ते कशावरून?

स्वर आज थांबलेला नाही. आता इतर वारीही, गर्दी ओसरली की ऐकू येतो. काल कचेरीच्या जिन्यात आला. वरच्या बाई फिरायला लागल्यात.

७ एप्रिल, मौनवार

लिहीत नाही. स्वर.

एकदा वाटलं, स्वराच्या आत कुणी तरी हाक मारतंय. उठून आईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर, डोळे मिटलेले, थोडा श्वास लागलेला. पायातल्या सपाता उलट्या.

"उठली होतीस?"

"स्वप्नात."

१४ एप्रिल, मौनवार

हे सगळं नीट, क्रमाने लिहून ठेवतो. बातमीदाराला एवढं तरी यायला हवं.

सकाळी अकराला स्वर असह्य झाला. आईला सांगितलं, पाच मिनिटांत येतो. खाली जाऊन पहारेकऱ्याकडून वरच्या घराची किल्ली मागितली. त्याला आढेवेढे घ्यायचे होते, पण माझा चेहरा बघून मुकाट्याने बरोबर आला.

दार उघडलं. दोन रिकाम्या खोल्या. भिंतीवर चौकटींचे फिकट चौकोन, खिडकीशी मुलांच्या बसण्याने झिजलेली फरशी, बाकी धूळ. धुळीवर एकही पाऊल नाही. आणि स्वर होता. मोठा नाही, लहान नाही. माझ्या टेबलाशी असतो तेवढाच.

"ऐकू येतंय?" मी विचारलं.

पहारेकऱ्याने मान वाकडी करून ऐकलं. "हो," म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. "कुठून येतंय?"

"तुमच्याकडून," तो म्हणाला. मी समोर उभा होतो, त्याचे ओठ मला दिसत होते, चूक होणं शक्य नाही. "कोणी तरी घंटा वाजवतंय. शाळेत वाजवतात तशी. दर सुट्टीच्या दिवशी वाजते की. मला वाटलं, तुमच्याकडे पूजाबिजा असते."

मी जिना कसा उतरलो, ठाऊक नाही. दार लोटून आत गेलो आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्यात थांबलो.

आई पलंगाला टेकून जमिनीवर बसलेली. एक पाय सरळ, दुसरा दुमडलेला, लुगडं गुडघ्यावर नीट ओढून घेतलेलं. उजव्या हातात घंटा. ती हलवत होती. घाईने नाही, रागाने नाही, मधल्या सुट्टीनंतर पोरं वर्गात येईपर्यंत वाजवायची असते तशी, सवयीने. आतला लोलक इकडून तिकडे आपटत होता, मला स्पष्ट दिसत होता. पितळेवर आपटत होता.

आवाज नव्हता.

मी तिथे किती वेळ उभा होतो? दहा ठोके, बारा. मोजले. दिसत होते, म्हणून मोजता आले. माझ्या डोक्यात फक्त वरच्या बाईंचा स्वर, एकसारखा.

मग तिने मला पाहिलं आणि घंटा हळूच खाली ठेवली. चोरी पकडली गेल्यासारखी.

तिला उचलून बसवलं. हाड शाबूत आहे, देवाची कृपा, किंवा ज्या कुणाचा आज वार आहे त्याची. तिच्यासमोर खाली बसलो, म्हणजे ओठ दिसतील.

"किती वेळ वाजवत होतीस?"

"आज फार नाही."

"आणि याआधी?"

ती पदर सारखा करू लागली. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"आल्यापासून सातव्या-आठव्या आठवड्यापासून," ती म्हणाली. "आधी वाटलं, चिडलायस. मग एकदा दारापर्यंत आले, भिंतीला धरून. तुझ्या पाठीमागे उभी राहून हाक मारली. दोनदा मारली."

"मग हात का नाही लावलास?"

"तू लिहीत होतास." मग म्हणाली, "त्या एका दिवशी किती खुशीत असतोस तू! सांगितलं असतं तर तुझा तो वारही गेला असता. आणि ताईने मला नेलं असतं. म्हटलं, दोघांचंही जरा लांबणीवर पडतंय तर पडू दे."

त्या पाच आठवड्यांत मी शेजारच्या खोलीत बसून शांततेवर पाच पत्रं लिहिली.

१५ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका काचेच्या खोलीत बसवून कानांवर झाकणं घातली, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा, म्हणाले. मी तयारीत बसून राहिलो, परीक्षा कधी सुरू होते म्हणून. जरा वेळाने त्यांनी दार उघडलं. परीक्षा संपली होती.

जाड आवाज येतात, बारीक गेले. चिमण्या, घंटा, दाराची बेल, पलीकडच्या खोलीतून आलेली म्हाताऱ्या बाईची हाक, एवढे गेले. यंत्राने थोडं परत येईल, दोन आठवडे लागतील. आणि स्वर? तो कानातलाच आहे. राहील, म्हणाले. सवय होते. म्हणजे वरच्या बाईंना मी उगाच बदनाम केलं. त्या गेल्या त्या दिवशी निमूट गेल्या असतील किंवा हाका मारून गेल्या असतील. शेजारीसुद्धा हाक कशी पोचत नाही, हे आता माझ्याइतकं कुणाला उमजावं?

साहेबांना लिहून दिलं: 'चुकीची दुरुस्ती. या शहरातल्या चिमण्या पवित्र दिवशीही ओरडतात. दोष वार्ताहराच्या कानांचा होता. कळवणाऱ्या वाचकांची क्षमा मागतो.' साहेब म्हणाले, हे छापलं तर पत्राची सगळी मजा जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या. मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, 'शास्त्रीबुवा, ओरडतोय म्हणून रागावू नका, महिनाभर ओरडतोच आहे.'

१६ एप्रिल

आई म्हणते, ताईला सांगू नकोस. यंत्र येईपर्यंत थांब, मग सांगायचं कशाला? डोळे मिचकावून म्हणाली. एवढी शिस्तीची बाई, आयुष्यात कुणाला एक गुण वाढवून दिला नाही.

फोन लावला. मावशींना शेजारी बसवलं. ताई बोलेल ते त्यांनी माझ्या तोंडासमोर सांगायचं. मी सगळं सांगितलं. घंटा, चादर, गुडघा, पाच आठवडे. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मावशी बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

"काय म्हणतेय?"

"रडतायत," मावशी म्हणाल्या. मग, "शनि... नाही, परवा निघतायत. स्वतः येऊन बघणार म्हणतात. आईंची बॅग भरून ठेवायला सांगितलीय."

२१ एप्रिल, मौनवार

ताई शुक्रवारी आली. माझ्याशी आधी बोललीच नाही, मग एवढ्या मोठ्याने बोलली की पहारेकरी वर आला. बॅग दाराशी भरून ठेवली होती. आईने तीत घंटा घातली नव्हती, हे ताईच्याही लक्षात आलं.

युक्ती आईचीच. पडद्याची जुनी सुती दोरी. एक टोक आईच्या मनगटाला सैलसर, दुसरं दारातून, पॅसेजमधून, माझ्या टेबलाशी, माझ्या डाव्या मनगटाला. एक हिसका म्हणजे पाणी, दोन म्हणजे ये. "गाय कोणती आणि गुराखी कोण, तेवढं ठरवा," ताई म्हणाली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच ती हसली.

मग तिने परीक्षा घेतली. सकाळभर आईच्या खोलीत बसून कधीही, न सांगता दोरी ओढायची. नऊ वेळा ओढली. नऊही वेळा गेलो. सातव्या वेळी खुर्ची पाडून गेलो. शेवटी ती म्हणाली, यंत्र येईपर्यंत मौनवारी सकाळी मावशींची सून येईल, तिचं मी बघते, आणि मुदत आणखी तीन महिने. बॅग तिने स्वतः उघडून कपडे कपाटात लावले. तिला आठ दिवस कामावर जायचं नाही, तेव्हा आठवडाभर इथेच आहे. दुपारी बाहेर चालायला गेली, या वारी चालण्याशिवाय दुसरं करणार काय?

तेव्हापासून मी टेबलाशी आहे. खाली रस्ता मोकळा. समोरच्या कठड्यावर चिमण्या बसल्यात, चोची हलतायत. ओरडत असणार. त्यांच्यावर आता माझा विश्वास आहे.

शांतता पूर्वीइतकीच आहे आणि मला ती एक क्षण सोसत नाही. स्वर चालू आहे. त्याच्या पलीकडे काय काय चाललंय, कुणाचं बाळ, कुणाची हाक, मला कळायचा मार्ग नाही. या एवढ्या शहरात आत्ता कोण कुठल्या खोलीत घंटा वाजवत असेल आणि शेजारच्या खोलीत कोण सुखाने लिहीत बसलं असेल!

दीड तासात दोरी हललेली नाही. आई झोपली असेल. झोपली आहे म्हणजे काय, ते मला श्वासावरून कळत नाही, बघावं लागतं. चार वेळा जाऊन आलो. पाचव्यांदा आत्ता.

आलो. जागी होती. छताकडे बघत पडलेली. दोरी तिने ओढली नव्हती, नुसती मुठीत ताणून धरली होती, दुसऱ्या टोकाला कुणी आहे की नाही, एवढं समजण्याइतपत.

"काही हवंय?"

तिने मान हलवली. नाही.

परत येऊन बसलोय. आता लक्षात येतं, दोरी माझ्याकडेही सबंध वेळ ताठच होती. एका हाताने लिहितोय. दुसरा टेबलावर आहे, आणि तो मी हलवलेला नाही.